क्लासिक ३५०चं सस्पेन्शन खराब रस्त्यांसाठी घरीच सुधारायचंय, आधी हात कशाला घालू?

वळणदार:

गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, जे-सिरीज इंजिनवाली. पुढे ४१ मि.मी.चे फोर्क, १३० मि.मी. ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली व्हायची जागा). मागे दोन शॉकअप, प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) सहा खाचा. स्पोकची चाकं, ट्यूब टायर. सगळं कंपनीचंच आहे. ३० हजार कि.मी. झाले, फोर्कचं तेल अजून बदललेलं नाही. हेल्मेट-जॅकेट धरून माझं वजन ८८ किलो. रस्ता म्हणजे मुंबई–गोवा महामार्गाचा वडखळ ते माणगाव पट्टा आणि तिथून पुढे ताम्हिणी: काँक्रीट, मध्येच उखडलेलं डांबर, मध्येच पेव्हर ब्लॉक, परत काँक्रीट. अधूनमधून डबल सीट.

त्रास तीन आहेत. ब्रेक मारला की नाक फार खाली जातं आणि नेमका तेव्हाच खड्डा आला तर पुढून ‘खट्ट’ असा लोखंडी आवाज येतो. काँक्रीट संपून डांबर सुरू होतं तिथली धारदार पायरी हँडलमधून थेट मनगटात येते. आणि डबल सीट असलं की मागचं ‘ढप्प’ करून तळाला बसतं, मागच्याची कंबर कामातून जाते.

तीन गॅरेजमध्ये विचारलं, तीन सल्ले मिळाले. एक म्हणतो फोर्कमध्ये जाड तेल भरा. दुसरा म्हणतो स्प्रिंगवर चार-पाच वॉशर टाका. तिसरा म्हणतो मागे एक इंच लांब गॅसचे शॉकअप टाका, गाडी उंच होईल आणि खड्डे कळणारच नाहीत. बजेट १५ हजारांपर्यंत. पाने, एलन की, जॅक, टॉर्क रेंच घरी आहे. काम स्वतःच करायचंय. क्रम काय ठेवू?

---

पाना१४:

खरेदी नंतर. आधी तीन गोष्टी तपासा, कारण यातलं एक जरी ढिलं असेल तर नव्या शॉकअपवर घातलेले पैसे पाण्यात.

कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेलं बेअरिंग. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक हवेत उचला. दोन्ही फोर्कचे खालचे भाग धरून पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी हाताला ‘टक’ जाणवलं तर कोनसेट ढिला आहे. तुमचा ‘खट्ट’ कदाचित तिथूनच येत असेल. मग हँडल मधोमध ठेवून बोटाने हळू ढकला. सरळ दिशेला ते खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर बेअरिंगच्या रेसला (गोळ्या फिरतात त्या कड्यांना) खड्डे पडलेत. अशा वेळी नट आवळून भागत नाही, सेटच बदलावा लागतो.

स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे) बुश. मागचं चाक हवेत ठेवून टायर आडवा हलवा. खेळ (ढिलेपणा) दिसला तर आधी तो चाकाच्या बेअरिंगचा आहे की बुशचा ते ओळखा. स्विंगआर्म हाताने धरून हलवला आणि खेळ तसाच राहिला तर बुश गेलेत.

हवा. गाडीवरच्या स्टिकरवर दिलेली हवा थंड टायरला, भरवशाच्या गेजने भरा. पेट्रोल पंपावरचा काटा पाच पीएसआय सहज खोटं बोलतो. खराब रस्त्यासाठी दोन पीएसआय कमी ठेवलेली चालते. त्याखाली गेलात तर खड्ड्याच्या काठावर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि तिला दोन समांतर चिरा जातात. पंक्चरवाल्याने ‘डबल कट’ म्हटलं की कारण खिळा नसतो, कमी हवा असते.

हे सगळं ठीक निघालं तर सॅग मोजा, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते. फोर्कच्या चकचकीत पाइपला डस्ट सीलला (धूळ अडवणाऱ्या रबरी कडीला) टेकवून एक केबल टाय बांधा. चाक हवेत असतानाची लांबी, गाडी नुसती उभी असतानाची आणि तुम्ही पूर्ण गियरमध्ये बसल्यावरची, अशी तीन मापं घ्या. शेवटची दोन मापं दोन-दोनदा घ्यायची. एकदा गाडी हाताने दाबून हळू वर येऊ द्या आणि मोजा. मग थोडी उचलून हळू खाली बसू द्या आणि परत मोजा. दोन्हींची सरासरी धरा. सील-बुशच्या घर्षणामुळे दोन्ही आकड्यांत पाच-सात मि.मी.चा फरक येतोच. तो पंधराच्या वर गेला तर फोर्क कुठेतरी अडकतोय, बहुधा एक्सल (चाकाचा आस) आवळताना फोर्कचे पाय, म्हणजे डावी-उजवी नळी, वाकडे बसलेत.

मागे एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या एका ठरावीक बिंदूपर्यंत मोजा. बिंदूवर टेपचा तुकडा लावून खूण करा, दर वेळी तोच बिंदू धरायचा. डबल सीटचंही माप हवं. आकडे टाका, मग बोलू.

---

वळणदार:

कोनसेट किंचित ढिला होता, आवळला. ‘खट्ट’ कमी झाला, पण गेला नाही. बुश ठीक आहेत.

पुढे: नुसत्या गाडीचा सॅग ३३ मि.मी., मी बसल्यावर ५१. केबल टाय बांधून एक फेरी मारली, तो थेट १२४ पर्यंत सरकला. मागे प्रीलोड तिसऱ्या खाचेत: नुसती गाडी ७, मी एकटा ३४, डबल सीट ५८. पुढचं टोक दाबून सोडलं की वर येतं आणि परत एक-दीड वेळा डुलतं.

---

तेलपाणी:

आकडे दिलेत म्हणून नेमकं बोलता येतंय, नाहीतर ‘माझ्या मित्राने हे टाकलं, मस्त झालं’ यातच धागा संपतो.

पुढचं बघू. १३० च्या ट्रॅव्हलवर स्वारासकट सॅग ३० टक्क्यांच्या आसपास हवा, म्हणजे ३९-४०. तुमचा ५१ आहे. म्हणजे रस्त्यावर निघण्याआधीच ११ मि.मी. फुकट गेलेत आणि ब्रेक लावल्यावर उरतं ते एका खड्ड्याला पुरत नाही. टाय १२४ ला पोचला तो यामुळे. फोर्कच्या तळाशी ऑइल-लॉकचा भाग शेवटच्या काही मि.मी.त धक्का मऊ करायला असतो. तिथपर्यंत जोरात पोचलं की तो लोखंडी आवाज येतो.

पण स्प्रिंग बदलायची घाई नको. तुम्ही बसल्यावर पुढचं १८ मि.मी. बसलं, ते ८८ किलोंना ठीकच आहे. याचा अर्थ स्प्रिंगचा रेट (एक मि.मी. दाबायला लागणारं वजन) फार मऊ नाही, प्रीलोड कमी पडतोय. प्रीलोड १० मि.मी. वाढवला की दोन्ही सॅग १०-१० ने कमी होतील: ४१ आणि २३. दोन्ही आकडे जागेवर येतात. स्वाराचा सॅग ४० ला आणण्यासाठी एवढा प्रीलोड द्यावा लागला असता की नुसत्या गाडीचा सॅग दहाखाली गेला, तर मी म्हटलं असतं स्प्रिंग बदला. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उभी राहते.

बाजारात प्रोग्रेसिव्ह (दाबत जाल तशी कडक होणाऱ्या) स्प्रिंगचा बोलबाला आहे. माझं मत: त्यांचे जवळजवळचे वेढे सॅगमध्येच संपतात आणि मधल्या भागात नेमकं काय मिळणार याचा अंदाज येत नाही. वजनाला जुळणारी सरळ रेटची स्प्रिंग सापडली तर ती घ्या. तुमच्या बाबतीत सध्या दोन्हीची गरज नाही.

वॉशर का नको? पातळ वॉशर एकावर एक रचले की तिरके होतात, पाइपच्या आतल्या भिंतीला घासतात, घासून निघालेला लोखंडी चुरा तेलात मिसळतो आणि बुश-सील दोन्ही खातो. पाच रुपयांची नाणी घालणारेही आहेत, त्यांची गोष्ट वेगळी नाही.

प्रीलोड वाढवायला, फोर्कमध्ये स्प्रिंगच्या वर स्पेसरचा (स्प्रिंग दाबून धरणारा) पाइप असेल तर त्याच्यापेक्षा १० मि.मी. लांब असा एक अखंड तुकडा कापा. एक इंची यूपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास साधारण ३३ मि.मी. येतो, तो बसतो. जाड भिंतीचा, शेड्यूल ८० चा घ्या. दोन्ही टोकं काटकोनात हवीत. पाइपला होज क्लॅम्प आवळून त्याच्या कडेने करवत चालवा, म्हणजे काप सरळ येतो. कडा पॉलिश पेपरने मारा, आणि स्प्रिंग व स्पेसर यांच्यामध्ये मूळचा पोलादी वॉशर परत ठेवा, नाहीतर स्प्रिंगचं टोक पीव्हीसी कुरतडतं. वर स्पेसर नसून स्प्रिंग थेट कॅपला (फोर्कच्या वरच्या झाकणाला) भिडत असेल तर लेथवाल्याकडून १० मि.मी.ची ॲल्युमिनियमची कडी करून घ्या. पीव्हीसीची एवढी आखूड चकती तिरकी बसते.

स्प्रिंग हातात आहे तोवर वेढ्यांमधल्या सगळ्या फटी मोजून बेरीज करा. ती ट्रॅव्हल अधिक एकूण प्रीलोड यापेक्षा जास्त हवी. नसेल तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना आपटतील. स्प्रिंगची मोकळी लांबीही मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. बसकी झाली असेल तर जोडी बदला, एकटी नाही.

---

बॉटमकेस:

वरचं सगळं मान्य. आता काम कसं करायचं ते, कारण लोक अडकतात ते इथे. अर्धा दिवस मोकळा ठेवा.

सामान: फोर्क ऑइल एक लिटर, ऑइल सील आणि डस्ट सीलचे दोन संच, तळाच्या बोल्टचे दोन नवे तांब्याचे वॉशर, मोजपात्र, पोलादी पट्टी, जाड सिरिंज आणि तिला बसणारी बारीक नळी, रॉकेल, न झडणारं फडकं. गाडीला ३० हजार झालेत, सील आज गळत नसले तरी उघडलंच आहे तर बदला.

मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली फळी आणि जॅक द्या. गाडी हलवून बघा, डगमगत असेल तर पुढे जाऊ नका. ब्रेकचा कॅलिपर काढून दोरीने टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. पॅडच्या मध्ये लाकडाचा तुकडा घाला, चुकून कुणी लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात. एबीएस सेन्सरची वायर सोडवून बाजूला बांधा. चाक, मडगार्ड काढा.

आता क्रम महत्त्वाचा. वरच्या ट्रिपल क्लॅम्पचा (फोर्क धरून ठेवणाऱ्या पकडीचा) बोल्ट आधी ढिला करा, मग फोर्कची कॅप पाव आटा सैल करा, आणि तोवर खालचा क्लॅम्प घट्टच राहू द्या. वरचा क्लॅम्प आवळलेला असताना कॅप फिरवली की आटे जातात. फोर्क बाहेर काढल्यावर कॅप सोडवायला गेलात तर पाइप धरायला काही नसतं आणि मग व्हाइसमध्ये पाइप दाबून त्याचा चेंदा होतो. पाइप वरच्या क्लॅम्पच्या किती वर आहे ते व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. मग खालचा बोल्ट ढिला करून पाय पिळत-पिळत खाली ओढा. वरच्या पत्र्याच्या कव्हरला आतून चरे पडू नयेत म्हणून कडेला टेप लावा.

बाहेर काढलेल्या पायाची कॅप उघडताना तोंड वरून घेऊ नका. आत स्प्रिंग दाबलेली असते, शेवटच्या आट्याला कॅप उडते. तळहाताने दाबून सोडवा. स्पेसर, वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघाले तसेच फडक्यावर मांडा, स्प्रिंगचं वरचं टोक कोणतं तेही.

पाय उलटा करून तेल काढा, दहा-पंधरा वेळा पंप करा. ३० हजारांचं तेल बहुधा राखाडी आणि कुजकट वासाचं निघतं. ते राखाडीपण म्हणजे बुशवरचा झिजलेला थर आणि स्प्रिंगची धूळ. म्हणून नुसतं तेल ओतून नवं भरण्यापेक्षा थोडं रॉकेल घालून खळबळून धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

सील बदलायचे तर तळाचा एलन बोल्ट काढावा लागतो. इथे बरेच जण हात टेकतात, कारण बोल्टसोबत आतला डँपर रॉडही फिरत राहतो. उपाय: स्प्रिंग आणि कॅप तात्पुरती परत बसवा, पाय जमिनीवर दाबून धरा म्हणजे रॉडवर दाब येईल, आणि इम्पॅक्ट रेंचने एक झटका द्या. नाहीच सुटला तर गॅरेजमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, एलनचं डोकं गोल करून घेऊ नका.

डस्ट सील उचकटा, त्याखालची तारेची सर्क्लिप काढा, मग पाइप जोरात दोन-चारदा बाहेर ओढला की बुश सीलला ठोकून बाहेर काढतो. स्क्रूड्रायव्हरने सील उपसू नका, बॉटम केसच्या (फोर्कच्या खालच्या नळीच्या) आत एक ओरखडा पुरतो, नवा सील पहिल्या पावसात गळतो. नवा सील चढवताना पाइपच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी ओढा आणि तेल लावा, म्हणजे सीलची ओठासारखी कड कापली जात नाही. ठोकायला पीव्हीसी पाइप चालतो, मध्ये जुना सील ठेवा. सर्क्लिपची खाच पूर्ण गोल दिसली की सील बसला.

पाइपवर गंजाचे ठिपके असतील तर १५०० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून फक्त टोकं मारा. नख अडकेल असा खड्डा राहिला तर तो सील टिकणार नाही, पाइप नवा किंवा हार्ड क्रोम करून.

तळाचा बोल्ट नव्या तांब्याच्या वॉशरसह, आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावून आवळा. मग तेल. मॅन्युअलच्या मापापेक्षा थोडं जास्त ओता, स्प्रिंग न घालता पाइप हळूहळू पंप करा. पहिले काही झटके पोकळ जातात, मग सगळ्या ट्रॅव्हलभर सारखा विरोध लागतो. दहा मिनिटं उभा ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या. आता पाइप पूर्ण खाली दाबून, स्प्रिंग बाहेर असताना, पाइपच्या वरच्या कडेपासून तेलाची पातळी मोजा आणि जास्तीचं सिरिंजने ओढून घ्या. सिरिंजच्या नळीवर हव्या त्या खोलीला टेप लावली की ओढणं आपोआप तिथेच थांबतं.

तेल मि.ली.वर भरू नका, पातळीवर भरा. धुतल्यावरही थोडं तेल आत राहतं आणि ते दोन्ही पायांत वेगवेगळं असतं. पाय एकमेकांशी १ मि.मी.च्या आत जुळले पाहिजेत.

तुमच्या बाबतीत मॅन्युअलच्या पातळीपेक्षा तेल १० मि.मी. वर ठेवा. ४१ च्या पाइपच्या आत दर १० मि.मी.ला साधारण १० ते ११ मि.ली. तेल जातं, म्हणजे फरक दिसायला किरकोळ आहे. पण वर कोंडलेली हवा कमी झाली की ट्रॅव्हलच्या शेवटच्या तिसऱ्या भागात ती कडक होते आणि तळाला आपटणं थांबतं. पहिल्या भागातला मऊपणा तसाच राहतो. २० मि.मी.च्या वर जाऊ नका. हवेला जागाच उरली नाही की दाब सीलवर येतो आणि सील बाहेर ढकलला जातो.

---

घाटकरी:

एवढं कशाला राव. १५ डब्ल्यूचं जाड तेल भरा, नाक खाली जाणं बंद. ताम्हिणीच्या उतारावर गाडी कशी ठाम बसते बघा.

---

तेलपाणी:

घाटकरी, नाक खाली जायला वेळ लागतो एवढंच. ब्रेक धरून ठेवला की शेवटी ते तेवढंच खाली जातं, कारण वजन स्प्रिंग पेलते, तेल नाही. आणि धागाकर्त्याचा दुसरा त्रास, तो मनगटातला दणका, जाड तेलाने वाढेल.

कारण साधं आहे. या फोर्कमध्ये डँपर रॉडला ठरावीक मापाची भोकं असतात, सगळं तेल त्यांतूनच जातं. भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आता गतिरोधकाचं बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सें.मी. उंच असायला हवा. आपल्या गावांत तो ४० सें.मी. रुंद आणि उंचीला मात्र तोच १० सें.मी. असतो. ताशी २५ कि.मी.ला पहिल्यावर चाक १० सें.मी. चढायला साधारण पाव सेकंद घेतं, दुसऱ्यावर त्याच्या नवव्या हिश्श्याएवढा वेळ. वेग नऊपट, म्हणजे भोकातला विरोध कागदावर ऐंशीपट. टायर थोडं खातो, पण फोर्क तोवर लोखंडी दांडा झालेला असतो. याला हायड्रॉलिक लॉक म्हणतात, आणि काँक्रीटच्या पायरीवर नेमकं हेच होतं.

म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेलीच ग्रेड भरा. डुलणं बहुतेक जुन्या, पातळ झालेल्या तेलाचं आहे, नव्या तेलाने जाईल. तरीही वर येताना फोर्क उसळला तर एकाच कंपनीचं १० आणि १५ अर्धं-अर्धं मिसळा, त्यापुढे नाही. डब्यावरच्या ‘डब्ल्यू’वर फार विसंबू नका. एका कंपनीचं १० डब्ल्यू ४० अंशांना तिशीतल्या सेंटिस्टोकचं (तेलाच्या जाडीचं एकक), तर दुसरीचं पंचेचाळिशीच्या वरचं निघतं. तांत्रिक पत्रकावरचा सेंटिस्टोकचा आकडा बघा आणि पुढच्या वेळी त्याच आकड्याचं घ्या.

आणि कुणी इंजिन ऑइल भरायला सांगितलं तर हात जोडा. फोर्क ऑइलचं १० डब्ल्यू आणि इंजिन ऑइलचं १० डब्ल्यू यांचा काही संबंध नाही. १५डब्ल्यू-५० इंजिन ऑइल ४० अंशांना फोर्क ऑइलच्या तिप्पट जाड असतं. अडचणीत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) त्यापेक्षा शंभर पटींनी बरं, ते जाडीला फोर्क ऑइलच्या जवळपास येतं.

---

घाटकरी:

हिशेब पटला. मागच्याचं पण सांगा मग, माझीही तीच बोंब आहे.

---

जोडशॉक:

मागचं मी घेतो.

क्लासिकला मागे चाकाचं ट्रॅव्हल नव्वदच्या आसपास. एकट्याने ३४ म्हणजे थोडं जास्त, २८ ते ३० हवं. एक खाच वर, चौथीवर घ्या आणि परत मोजा. डबल सीटचा ५८ हा खरा प्रश्न आहे. उरले ३२ मि.मी., एवढ्यात पेव्हर ब्लॉकचा खड्डा मावत नाही, रबरी बंपस्टॉप चेपतो आणि ‘ढप्प’ होतं. डबल सीट निघताना सहावी खाच, एकटं असताना परत चौथी. दोन्ही बाजूंना सारखीच खाच, हे सांगायला नको, पण गॅरेजमधून आलेल्या गाड्यांत डावी तिसरी आणि उजवी पाचवी असं सर्रास दिसतं.

सहावी खाच कायम ठेवून एकटं फिरू नका. तुमचा नुसत्या गाडीचा सॅग आत्ताच ७ आहे. प्रीलोड त्याच्या पुढे गेला की शॉकअप पूर्ण ताणलेला उभा राहतो, चाक खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही, आणि गतिरोधकावरून उतरताना मागून ‘टक’ असा टॉप-आउटचा आवाज येतो. गाडी खड्ड्यावर उडते ती अशाने.

म्हणजे प्रीलोडने अर्धंच काम होतं, उरलेलं स्प्रिंगने व्हायला हवं. नवी जोडी घेताना हिशेब तुमच्याच आकड्यांवरून करा. ८८ पैकी साधारण ६२ किलो मागच्या चाकावर येतात, त्यांना गाडी २७ मि.मी. बसली. मि.मी.ला २.३ किलो. डबल सीट वारंवार असेल तर चाकाशी २.७ किलोच्या आसपासचा रेट हवा, फक्त एकट्याला आहे तो पुरेसा आहे. विक्रेत्याला स्वतःचं आणि मागच्याचं वजन सांगा, स्प्रिंगचा रेट न्यूटन प्रति मि.मी.मध्ये विचारा. सांगता आला नाही तर पुढच्या दुकानात. गंमत म्हणजे दुचाकीचे शॉकअप बनवणारे मोठे कारखाने आपल्या वाळूज आणि चाकणलाच आहेत, आणि दुकानात मात्र रंग कोणता हवा एवढंच विचारतात.

‘गॅस’ शब्दावर जाऊ नका. कंपनीचा शॉकअप इमल्शनचा आहे, त्यात तेल आणि गॅस एकत्रच असतात. सलग खडबडीत रस्त्यावर दोन्ही घुसळून फेस होतो आणि डँपिंग (डुलणं थांबवणारा तेलाचा विरोध) विरघळतं. सुरुवातीचे दहा कि.मी. ठीक आणि मग मागचं डुलायला लागलं तर हेच. मोनोट्यूबमध्ये सुटा पिस्टन गॅसला तेलापासून वेगळा ठेवतो, तो घेण्यात अर्थ आहे. पण स्वस्त शॉकअपला चिकटवलेला डबा पुष्कळदा नुसता शोभेचा असतो, आत भोकच नसतं.

खराब रस्ता संपल्या-संपल्या थांबून दोन्ही शॉकअपच्या नळीला हात लावा, सायलेन्सरच्या बाजूला जरा जपून. डँपर दणक्याची उष्णता करतो, त्यामुळे दोन्ही सारखे कोमट लागले पाहिजेत. एक गरम आणि एक थंडगार असेल तर थंड असलेला मेलाय, बाहेरून तेल गळत नसलं तरी.

आता ते एक इंच लांब शॉकअप. नको. १३९० मि.मी.च्या व्हीलबेसवर मागचं २८-३० मि.मी. उचललं की गाडी सव्वा अंशाने पुढे झुकते, फोर्कचा कल तेवढाच उभा होतो, ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला भिडतो तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो आणि वेगात हँडल हलकं पडतं. स्विंगआर्म खाली गेल्याने चेनचा ताण बदलतो, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, आणि मेन स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकायला लागतं, पंक्चर काढताना आठवण येईल. शिवाय लांब शॉकअपमुळे ट्रॅव्हल आपोआप वाढत नाही, रॉडचा स्ट्रोक तेवढाच असेल तर गाडी फक्त उंच होते. मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी मूळचीच ठेवा, फार तर ५ मि.मी. जास्त. वरच्या-खालच्या डोळ्याच्या बुशचा आतला व्यास आणि रुंदीही मोजून न्या. ढिला बुश आणि त्यात घातलेली पत्र्याची पट्टी म्हणजे नव्या शॉकअपचा जुनाच आवाज.

बदलताना एका वेळी एकच बाजू सोडा, दुसरी स्विंगआर्मला जागेवर धरून ठेवते. मग चेनचा ढिलेपणा स्वार बसलेला असताना परत तपासा.

---

वळणदार:

ठरलं तर मग: पुढे स्पेसर १० मि.मी., मूळ ग्रेडचं तेल १० मि.मी. वर, सील नवे. मागे आधी खाचा, मग वजनाप्रमाणे जोडी. मनगटाचा दणका एवढ्याने जाईल का, की एम्युलेटर टाकावे लागतील?

---

तेलपाणी:

कमी होईल, पूर्ण जाणार नाही. भोकांचं गणित बदलत नाही तोवर जाणारही नाही. एम्युलेटर म्हणजे डँपर रॉडच्या डोक्यावर, स्प्रिंगखाली बसणारा छोटा व्हॉल्व्ह. हळू हालचालीत तो बंद राहतो, जोराचा दणका आला की स्प्रिंगवर उघडतो आणि तेलाला मोठी वाट देतो. रेस टेक, वायएसएस असे व्हॉल्व्ह बनवतात. घेण्याआधी फोर्कच्या आतला व्यास आणि डँपर रॉडच्या डोक्याचा व्यास मोजून विक्रेत्याला कळवा.

पण त्यासाठी रॉडची खालची कॉम्प्रेशनची (फोर्क दबतानाची) भोकं मोठी करावी लागतात, साधारण ८ मि.मी.ची सहा भोकं, तीन जोड्यांत, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीशी काटकोनात. वरचं बारीक रिबाउंडचं (परत वर येतानाचं) भोक तसंच राहू द्यायचं. ते वाढवलं की फोर्क पोगो स्टिक झाला समजा. भोकं पाडल्यावर परत फिरता येत नाही, मूळ स्थितीत यायचं तर नवे रॉड घ्यावे लागतात. व्हॉल्व्हची उंची स्पेसरमधून वजा करायला विसरू नका, नाहीतर आत्ता मोजलेला सगळा प्रीलोड चुकतो. म्हणून आधी स्पेसर-तेल करा, पावसाळा संपेपर्यंत चालवा, तरी दणका सोसवत नसेल तर डँपर रॉडची जुनी जोडी मिळवून तिच्यावर प्रयोग करा.

---

बॉटमकेस:

एक राहिलं. चाक परत बसवताना एक्सलचा नट आवळा, पण ज्या पायाला पिंच बोल्ट (एक्सल चिमटून धरणारा) आहे तो बोल्ट ढिलाच ठेवा. गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून फोर्क आठ-दहा वेळा खोल दाबा, पाय आपोआप समांतर बसतात. मग पिंच बोल्ट आवळा. सुरुवातीला आवळून टाकला तर फोर्क घासत चालतो आणि सॅगच्या दोन मापांत तो मोठा फरक येतो, जो पाना१४ यांनी वर सांगितला. ब्रेकचा लिव्हर घट्ट होईपर्यंत जागेवरच पंप करा. शंभरेक कि.मी. झाले की क्लॅम्प, कॅलिपर आणि एक्सल टॉर्क रेंचने परत तपासा. सीलच्या वर तेलाची बारीक कडी दिसली तर लगेच सील काढू नका. बहुधा धुळीचा कण अडकलेला असतो. डस्ट सील वर सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी हूकसारखी कापून सीलच्या ओठाखाली गोल फिरवा, कण निघतो.